दुपारी सरळ केलेला पंख

मंगळवार, ३ मार्च

लिही — आज घरात लढाऊ विमान आलं. जपानचं, जुन्या महायुद्धातलं. खोक्यातून! पंख वेगळे, शेपूट वेगळी, चाकं वेगळी, सगळं प्लास्टिकच्या जाळीला लटकलेलं. नातीने निवडून पाठवलं. फोनवर म्हणाली, "आजी, याचं नाव झिरो." म्हटलं, आजोबांचे शाळेतले मार्क बघून ठेवलं वाटतं! यांनी नेमकं ऐकलं. चहा थंड होईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

हसते खरी, पण कारण हसण्यासारखं नाही. आजारपणानंतर यांचा उजवा हात थरथरतो. जन्मभर लोकांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवलेला हात. आता दुकान पोरगा बघतो आणि यांची खिडकीजवळची खुर्ची रिकामी असते. रोज एकच विचारणं, "मी कधी येऊ?" शेवटी पोरगा म्हणाला, "बाबा, हाताच्या डॉक्टरीणबाई बारीक काम करा म्हणाल्यात ना? हे विमान नीट जोडून दाखवा. त्या दिवशी वस्तरा तुमच्या हातात देतो."

"शब्द?"

"शब्द."

खालच्या मजल्यावरची टायपिस्टबाई हे लिहून घेते, मला अक्षर येत नाही. तिला शपथ घातली आहे, इथलं बोलणं जिन्याच्या पलीकडे जायचं नाही. विचारते, "आजी, शपथसुद्धा लिहू?" लिही बाई, तीच आधी लिही.

शुक्रवार, ६ मार्च

विमान कसं जोडायचं त्याचा कागद आलाय — सगळा जपानीत! यांनी चष्मा लावला, चष्मा पुसला, कागद उलटा धरला, सुलटा धरला. मी म्हटलं, "अहो, बसा माझ्याशेजारी. आता आपण दोघं एकाच वर्गात." चित्रं बघत सुरुवात केली. चित्रं बघून चालायची मला जन्मभराची सवय. बसचा रंग, औषधाच्या बाटलीचं झाकण, नोटेवरचा आकार. यांना मात्र राग आला. चित्राला बोट लावून म्हणाले, "हे मला दिसतंय!" दिसत होतं. चिमट्यातून चाक तीनदा पडलं. तिसऱ्यांदा मी कपाटाखालून काढून दिलं आणि विनोद केला नाही. त्यावरून काय ते समजून घ्यावं.

सोमवार, ९ मार्च

आज केलं ते चांगलं केलं की वाईट, मला कळत नाही.

सकाळी यांनी डावा पंख चिकटवला. वाकडा. एक टोक टेबलाकडे, एक छताकडे, जखमी कावळ्यासारखा. बघत बसले. जेवून आडवे झाले. गोंद अजून ओला होता. मी पंख हळूच सोडवला, चित्रात होता तसा धरला, दोन्ही बाजूंना काड्यापेटी टेकवून ठेवली. वाळल्यावर काड्यापेट्या काढल्या. माझा हात या वयातही सुईत दोरा ओवतो, त्याला काय करू?

हे उठले. आले. वाकून बघितलं.

"अगं — सरळ आहे की! सकाळी मला वाकडा वाटला होता."

मी म्हटलं, "चष्मा बदला."

असं म्हणाले मी. चष्मा बदला! आणि हे हसले. किती महिन्यांनी दात दिसले. मग तोंड कसं उघडायचं?

गुरुवार, १२ मार्च

उजवा पंखही मीच.

रविवार, १५ मार्च

वैमानिक बसवला. नखाएवढा माणूस. हे काम यांचं, मी हात लावला नाही. त्याची मान एका बाजूला कलली आहे, डुलकी लागल्यासारखी. ठेवला तसाच. कोणाच्या तरी घरचा पोरगा असेल, असं मनात आलं. असल्या विमानातून किती जण गेले आणि किती जणांना मारून गेले. म्हटलं, झोप बाबा, तेवढा वेळ कोणाला त्रास नाही.

दुपारी वैमानिकावरच्या काचेवर यांच्या अंगठ्याचा ठसा. गोंदासकट! वैमानिक धुक्यात गेला. हे झोपल्यावर मी टूथपेस्ट लावून काच घासत बसले. निघाला ठसा. घासताना सारखं वाटत होतं, चोरी करतेय. पण चोर काहीतरी घेऊन जातो. मी तर ठेवून जात होते.

हे लिहून झाल्यावर टायपिस्टबाई पेन टेकवून बसली. "आजी, त्यांना वाटतंय हात बरा झालाय." मी म्हटलं, वाटू दे की. जेवण जातंय, शीळ घालतात. ती म्हणाली, "आणि मग?" मी म्हटलं, मगचं मग. तेवढंच लिही.

मंगळवार, १७ मार्च

यांचा मित्र आला, रिटायर्ड पोस्टमन. यांच्या आजारपणापासून त्याने दाढीच केलेली नाही. दुसऱ्या कोणाच्या हाताखाली मान द्यायची नाही म्हणतो, पोराच्यासुद्धा नाही. छातीपर्यंत आली आहे. मी म्हटलं, "भावजी, त्यात पत्रं टाका आता." तो विमान हातात घेऊन फिरवत राहिला. "वहिनी, हा हात थरथरतो म्हणणारा कोण? आणा समोर!" यांच्याकडे वळून म्हणाला, "रविवारी पहिला गळा माझा."

चहा आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. पहिला गळा. विनोदाने म्हणाला हो. पण पंख कोणी सरळ केले ते मलाच ठाऊक.

शुक्रवार, २० मार्च

जपानी झेंड्यातल्या लाल गोळ्यांचे स्टिकर राहिले होते. पाण्यात भिजवून पंखावर सरकवायचे. यांनी सरकवले, मी दुपारी मध्यावर आणले. झालं विमान.

संध्याकाळी पोरगा बघायला आला. दिव्याखाली धरून चहूबाजूंनी बघितलं. "बाबा, मला जमलं नसतं हो." डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. खिशातून किल्ली काढून यांच्यासमोर ठेवली. "रविवारी तुम्हीच उघडा दुकान." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, तू गप्प का?"

मी गप्प! या घरात ही बातमी पेपरात यावी अशी. मी म्हटलं, दाढ दुखतेय.

टायपिस्टबाईने आज भांडण केलं. "आजी, परवा त्या माणसाच्या गळ्याला पातं लागणार आहे. तुम्ही गंमत लिहून घेताय माझ्याकडून. पुढची ओळ मी लिहिणार नाही. आधी त्यांना सांगा." मी म्हटलं, तू टायपिस्ट की वकील? ती उठून गेली. दारापर्यंत गेली, परत आली आणि म्हणाली, "एवढं लिहिते. मग नाही." हे तिने लिहिलंय.

शनिवार, २१ मार्च

सांगितलं.

हे खिडकीत बसून चामड्यावर वस्तरा परजत होते. शीळ चालू. मी समोर बसले. म्हटलं, "अहो, थांबा जरा. पंख मी सरळ केले."

"कोणता?"

"दोन्ही."

शीळ थांबली. "काच?"

"टूथपेस्ट."

"आणि लाल गोळे?"

"तेही."

वस्तऱ्याकडे बघतच म्हणाले, "तो आतला माणूस?"

"तो तुमचाच. वाकडाच आहे. मी हात नाही लावला."

हसले. देवा, हसायला नको होतं. वस्तरा मिटला, कापडात गुंडाळला. हात थरथरत होता म्हणून गाठ बसेना. मी पुढे झाले तर म्हणाले, "नको. ही मला बांधू दे." बांधली. वेळ लागला. मग पोराला फोन केला, किल्ली घेऊन जा म्हणाले. माझं नाव घेतलं नाही. "मलाच जरा भीती वाटते" म्हणाले.

शिव्या द्यायच्या होत्यात हो. एखादी तरी.

रविवार, २२ मार्च

पोस्टमन येऊन गेला. दाढी घेऊन आला, दाढी घेऊन गेला. जाताना म्हणाला, "वहिनी, काय झालं?" मी सांगितलं, मी झाले.

गुरुवार, २६ मार्च

हे बाहेर पडत नाहीत. दाढी केलेली नाही. जन्मात पहिल्यांदा यांच्या गालावर पांढरं कुसळ बघतेय. दुपारी झोपतही नाहीत, डोळे उघडे ठेवून पडतात. मी खोलीत गेले की विचारतात, "काही सरळ करायचंय का?" रागाने नाही, साधं. त्यानेच जास्त लागतं. खोटं सांगून यांना वर चढवलं मी, आणि खरं सांगून खाली ढकललं. दोन्ही वेळा यांच्याच भल्यासाठी! माझं भलं कोणाच्या वाट्याला येऊ नये.

टायपिस्टबाई म्हणते, तुम्ही बरोबर केलंत. तिचं बरोबर तिच्यापाशी.

सोमवार, ३० मार्च

सकाळी न्हाणीचं दार अर्धं उघडं होतं. हे आरशासमोर उभे, तोंडभर फेस, हातात वस्तरा. मी ओरडणार होते. ओरडले नाही, देवाने जीभ धरली.

हात हवेत होता तोवर थरथरत होता. फेस उडत होता. मग करंगळी गालावर टेकली आणि हात थांबला. एकदम थांबला! पातं वरून खाली, कानापासून हनुवटीपर्यंत, गळ्यावरून वळून पुन्हा वर. एक ओरखडा नाही. विमानाला टेकायला गाल नव्हता, एवढंच होतं. आणि मी एवढ्या दुपारी पंख बघत बसले, हात कधी बघितलाच नाही.

आरशातून यांनी मला पाहिलं.

मी स्टूल आत ओढलं, बसले, मान मागे टाकली. म्हटलं, "अहो, म्हातारपणी मलाही हनुवटीला चार केस फुटलेत. करा."

"भीती नाही वाटत?"

"वाटते."

करंगळी टेकली. थंड पातं लागलं. मी डोळे उघडे ठेवले.