खिडकी क्रमांक चार आणि मामांची तब्येत

तीर्थरूप मामा,

भाच्याचा वाकून नमस्कार. तब्येत कशी आहे? (हे रीत म्हणून विचारत नाही. चांगली आहे असंच उत्तर मला हवं आहे.) सकाळी फिरायला जाता ना? चारचौघांना दिसता ना? दिसत राहा.

मी बरा आहे. कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून घरचे माझ्याकडे मोडक्या छत्रीसारखं बघतात. त्यातून बाबांनी माझा जन्मदाखला आणायला नागरी सेवा केंद्रात पिटाळलं. तिथे दारातच यंत्र आहे. जन्म, घरबदल, लग्न, मृत्यू यांतलं आपल्याकडे काय घडलंय ते दाबायचं, की टोकन येतं. यंत्र दोनदा 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणालं, तेव्हा मी त्याला एक ठेवून दिली (माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे) आणि टोकन आलं. खिडकी क्रमांक चार.

मामा, खिडकीमागे ती होती. अंगठ्यावर शिक्क्याची शाई, कानामागे पेन्सिल. "ओळखपत्राची मूळ प्रत आणि झेरॉक्स," एवढंच म्हणाली, आणि दोन्ही माझ्या हातात आहेत हेच मी विसरलो. सरकारी काम रेंगाळतं म्हणणाऱ्यांना तिच्यासमोर उभं करायला हवं. दाखला नऊ मिनिटांत हातात. एवढ्या घाईत केलेलं काम नीट कसं असेल, म्हणून मी भांडलोसुद्धा. ती म्हणाली, "तपासून घ्या." तपासलं. जन्म बरोबर निघाला.

दुसऱ्या दिवशी मी घरबदलाची चौकशी केली (आम्ही कुठेही चाललेलो नाही). तिनं तीही दहा मिनिटांत उरकली. तिसऱ्या दिवशी यंत्रावर उरलं लग्न आणि मृत्यू. लग्नाचं बटण दाबायची छाती झाली नाही. मृत्यूचं दाबलं.

"कोण गेलं?" तिनं विचारलं. इतक्या मायेनं मला आजवर कुणी काही विचारलेलं नाही. तोंडातून निघून गेलं, "मामा."

"सख्खे?"

"एकुलते."

तिनं स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. मी तुमच्याबद्दल बराच वेळ बोललो. चांगलंच बोललो, तुम्ही ऐकलं असतंत तर तुमचेही डोळे भरले असते.

घोळ पुढे झाला. दुःखातल्या माणसाला हेलपाटे नकोत म्हणून तिथे नवी पद्धत आहे, आपण एकदा सांगायचं, ते सगळ्या खात्यांना कळवतात. तिनं मन लावून कळवलं. पेन्शन, मतदार यादी, वाचनालयसुद्धा. डॉक्टरांचा दाखला मात्र आठ दिवसांत आणा म्हणाली. आठवा दिवस काल होता.

काल जाऊन खरं सांगितलं. ती ओरडली असती तर मीही ओरडलो असतो आणि मोकळा झालो असतो. ती शांतपणे म्हणाली, "आधी मामांना जिवंत करून आणा. मग बोला."

मामींना नमस्कार. त्यांचीही तब्येत विचारली आहे, पण ती साधी, नेहमीसारखी.

तुमचा भाचा

ता. क. सोमवारी दहा वाजता या. ओळखपत्र, दोन फोटो आणि स्वतः. तुमची झेरॉक्स चालणार नाही.

ता. क. २. पेन्शन खात्याचं पाकीट आलं तर मामींच्या आधी तुम्ही उघडा.

ता. क. ३. निघताना तिनं माझी सगळी टोकनं चाळली आणि म्हणाली, "लग्नाची चौकशी तेवढी राहिली की." हसली नाही, पण खिडकीही लावून घेतली नाही. त्या कामाला साक्षीदार लागतो, आणि तो हयात लागतो. मी विचारून ठेवलंय.