भाकरी करताना ऐकू येणारा टीव्ही

आबा, घरात नवा टीव्ही येऊन तीन महिने झाले. तुम्ही गेल्याला चौदा वर्षं झाली, आणि एवढी वर्षं आम्ही तुम्ही आणलेल्या त्या डब्यासारख्या टीव्हीवरच काढली. शेवटी शेवटी त्याचा एक कोपरा हिरवा पडला होता. मालिकेतली सासू डावीकडं गेली की आजारी दिसायची. आई म्हणायची, "असू दे की, माणूस कोण ते कळतंय तेवढं बास." मला मात्र ते बघवेना. टीव्हीच्या दुकानदाराच्या घरात असला टीव्ही, असं कुणी म्हणेल याची मला लाज वाटायची. तसं कुणी म्हणत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

निवडायला मला पाच आठवडे लागले. एक वही केली आणि एकेका टीव्हीला एकेक पान दिलं. बाजूनं बघितलं तर रंग फिके पडतात का, दुरुस्तीचा माणूस कोल्हापुरातला आहे का पुण्याहून यायचा, रिमोटची बटणं आईच्या बोटांना चाचपून कळतील का. हल्लीचे टीव्ही इतके सपाट असतात की त्यांचा आवाज मागच्या भिंतीवर जाऊन आदळतो, म्हणून खाली ठेवायला एक लांबोळका साउंडबार बघितला. त्याचीही चार पानं झाली. मग सोफ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजलं, तीन वेळा, तुमच्याच टेपनं. सात फुटांच्या पुढचे तिचे आकडे पुसलेत, तिथून पुढं मी वितीनं मोजलं.

टेप हातात आली की कागलचं ते घर आठवतंच. घर बघितल्याशिवाय टीव्ही विकायचा नाही, हा तुमचा नियम. लक्ष्मीपुरीतल्या दुकानात गिऱ्हाईक घ्यायला तयार उभं असायचं आणि तुम्ही म्हणायचा, "संध्याकाळी घरी येतो, मग सांगतो." मी दहा वर्षांची, स्कूटरवर तुमच्या पुढ्यात उभी. कागलच्या त्या घरातले म्हातारे आजोबा दारातच हसले. "या पावणं. टीव्ही द्याय आलाय का पोरगी बघाय?"

"घरच बघाय आलोय की," तुम्ही चप्पल काढता काढता म्हणालात. "टीव्ही नांदाय पायजे न्हवं हितं."

सगळ्यात जास्त टीव्ही कोण बघतं, असं तुम्ही विचारलंत, तेव्हा सगळ्यांनी थोरल्या मुलाच्या खुर्चीकडं बोट केलं. तुम्ही खुर्चीत बसला नाहीत. भिंतीकडेला घडी करून टाकलेलं घोंगडं होतं, आजोबांचं, त्यावर जाऊन मांडी घातलीत आणि समोरच्या भिंतीकडं बघत बसलात. मी टेपचं टोक धरून उभी आहे, घरातली माणसं एकमेकांकडं बघताहेत, चहा आलाय आणि तो कुणाला द्यायचा ते सुनेला कळत नाही. मग तुम्ही म्हणालात, "हे हितनं बघणार. टीव्ही वर नको, हाताभर खाली घ्या." निघताना आजोबांनी माझ्या हातावर दोन पेढे ठेवले.

आणि दोन वर्षांनी मी तुमची बोलणी खाल्ली. एक बाई दुकानात आल्या होत्या. तुम्ही फोनवर होता, म्हणून त्यांनी मलाच विचारलं, "कुठला चांगला गं?" सगळ्यात झगझगीत चित्र होतं त्या टीव्हीकडं मी बोट केलं. तुम्ही फोन ठेवलात आणि त्यांच्यासमोरच विचारलंत, "त्यांचं घर बघितलंयस तू? न बघता सांगू नको. बरोबर आलं तरी ते खोटंच." मी रिकाम्या खोक्यांच्या मागं जाऊन रडले. तेव्हापासून मी कुठलीही गोष्ट तीनदा बघते. ऑफिसात हसतात मला. गॅस बंद केलाय का बघायला जिन्यावरून परत वर येते ती मी. त्यातलं तुमचं किती आणि माझ्या स्वभावाचं किती, ते मला अजून वेगळं करता आलेलं नाही.

टीव्ही बसवायला माणूस आला, त्यानं जुना टीव्ही उचलला. मागं एक बारीक वायर निघाली. भिंतीच्या कडेकडेनं, भिंतीच्याच रंगात रंगलेली, स्वयंपाकघराकडं गेलेली. "मॅडम, ही कशाची?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "जुनी असेल कसली तरी. काढून टाका." त्यानं ती दोन्हीकडून कापली आणि ओढून काढली. भिंत कशी स्वच्छ दिसायला लागली, याचंही मला समाधान वाटलं.

रविवारी दुपारी आई माझ्याशेजारी सोफ्यावर बसायची. मी विचारायचे, "आवाज बरा आहे ना?" ती म्हणायची, "बरा आहे की." पण हळूहळू तिच्यात काहीतरी बदलायला लागलं. तुम्हाला माहीत आहे, जेवताना मालिका सांगायची तिची रीत. पलीकडच्या गल्लीत घडल्यासारखी सांगायची, कोण कुणाची जाऊ ते आपल्याला माहीत असणारच असं धरून. ते बंद झालं. एकदा मीच विषय काढला.

"ती वकील सून परत आली का गं घरी?"

"काय की."

"काल तर भाग झाला."

"ध्यानात नाही बघ."

थोरल्या मावशीचं असंच सुरू झालं होतं. आधी तिनं सांगणं बंद केलं, मग विचारणं. आणि मग नृसिंहवाडीला दर्शनाला गेलो असताना, घाटाच्या पायऱ्यांवर, हात धरून चाललेल्या आईलाच तिनं विचारलं, "तुम्ही कुठल्या गावच्या?" आई तेव्हा नीट उत्तर देत राहिली, गाव, गल्ली, वडिलांचं नाव, जणू खरंच कुणी परकी बाई विचारतेय.

मी वहीच्या मागच्या पानांवर लिहायला सुरुवात केली. आई आज काय विसरली, किती वाजता. दूध उतू गेलं तेही लिहिलं, जणू माझ्या हातून कधी जातच नाही. शेवटी मेंदूच्या डॉक्टरांकडं गुरुवारचा नंबर लावला. आईला सांगितलं, शुगर बघायला जायचंय.

सोमवारी आईच्या बोटाला तवा लागला, म्हणून संध्याकाळी भाकऱ्या मी करायला घेतल्या. साडेसातला बाहेर मालिका लागली. आई दारात बसून लसूण सोलत होती, सांगत होती की पीठ सैल झालंय. मी भाकरी थापतेय आणि माझ्या लक्षात येतं की बाहेर कुणीतरी बोलतंय, पण एक शब्द इथं पोचत नाहीय. चित्र तर दिसतच नाही, नुसता उजेड हलतो समोरच्या भिंतीवर. हात धुऊन गेले, आवाज वाढवला. संगीताचे दणके आले, बोलणं नाहीच. पाच आठवडे मी जो आवाज निवडत होते तो सोफ्यावरून ऐकायचा होता, आणि माझी आई आयुष्यात संध्याकाळी साडेसातला सोफ्यावर बसलेली नाही. मान वर केली. फळीवर, पिठाच्या डब्यांच्या मागं, तुमची ती कापड लावलेली लाकडी पेटी. तिच्यातून कापलेली वायर लोंबत होती. बाहेरच्या टीव्हीच्या आवाजात हिचा आवाज मला कधी वेगळा कळलाच नव्हता.

"आई, ही पेटी चालू होती?"

"रोज चालायची की. तुझ्या आबांनी बसवली, तू तीन वर्षांची असशील. बातम्या ऐकत मी बाहेर बसले की भाकरीला उशीर होतोय म्हटलं होतं मी, तर दुसऱ्या दिवशी वायर ओढून मोकळे."

"मग बंद पडली तर सांगायचं नाहीस?"

"जुन्या टीव्हीची होती, त्याच्याबरोबर गेली म्हटलं. आणि तू एवढी वही भरून टीव्ही आणलास. उठता बसता विचारतीस, आवाज बरा आहे ना, बरा आहे ना. तुला काय सांगू, भाकरी करताना ऐकू येत न्हाय म्हणून?"

"मालिका ध्यानात नाही म्हणायचीस तू."

"ऐकलीच नाही, तर ध्यानात कुठनं राहील?"

मी ओट्याला टेकून हसायला लागले, मग ते हसणं राहिलं नाही. आई लसूण खाली ठेवून उठली. "करपली बघ भाकरी. तुलाच दाखवाय पायजे कुठंतरी."

मंगळवारी अर्धी सुट्टी काढून तुमच्या स्पेअर पार्टवाल्या काकांकडं गेले. आता त्यांना चष्म्यावरून बघावं लागतं. "टेप धरणारी पोरगी न्हवं तू?" मी सांगितलं, बाहेरचा आवाज चालू राहिला पाहिजे आणि तोच स्वयंपाकघरातही गेला पाहिजे.

"मग हेडफोनच्या भोकात घालू नको, बाहेरचं बंद पडंल," ते म्हणाले. "टीव्हीच्या मागं लाल उजेडाचं चौकोनी भोक असंल. तिथनं घे." त्या उजेडाचा परत आवाज करणारा काडेपेटीएवढा एक डबा दिला, एक छोटा ॲम्प्लिफायर आणि दहा मीटर वायर. "स्पीकर नवा देऊ?"

"आधी जुना बघते."

"बघ की. त्यांनी बसवलाय म्हणजे आमच्या आधी मरायचा न्हाय."

त्याच दुपारी वायरींच्या जोडाला डाग मीच दिला, तुमच्याच सोल्डरिंगच्या कांबीनं. पेटी आधी खरखरली, मग तिच्यातून एक बाई स्वच्छ बोलली. बुधवारी संध्याकाळी मी बाहेर बसलेय आणि आतून आई मालिकेला बोलतेय, "खोटं सांगतीया. कालच कागद कपाटात ठेवलाय हिनं." जेवताना तिनं मला अख्खी गोष्ट सांगितली, वकील सुनेच्या माहेरापासून. आमटी गार झाली तरी मी मधे बोलले नाही.

मग नंबराचं खरं सांगितलं. तिनं ताट बाजूला सारलं. "ताईसारखं वाटलं व्हय तुला?" मी मान हलवली. "मग जाऊया की. लावलायस तर विचारून येऊ." गुरुवारी डॉक्टरांनी तारीख विचारली, वार विचारला, काही शब्द पाठ करायला लावले. काल काय केलं ते सांगा म्हटल्यावर तिनं मालिका सुरू केली आणि डॉक्टरांनाच तिला थांबवावं लागलं. "काही नाही हो यांना," ते माझ्याकडं बघून म्हणाले. रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, "आता भूक लागली," आणि मलाही लागली होती.

हे सगळं लिहून आईला वाचून दाखवायचं, असं ठरवून बसले होते. पण एक गोष्ट राहिलीय आणि ती लिहिल्यावर हे तिला वाचून दाखवता येणार नाही. टीव्ही आल्यावर पंधराएक दिवसांनी, मी संध्याकाळी पाणी घ्यायला आत गेले होते. आई भाकरी थापत होती. इथं काहीच ऐकू येत नाही, हे मला तेव्हाच जाणवलं होतं. अगदी स्पष्ट जाणवलं. तसं असेल तर माझी निवड चुकली, असंही वाटून गेलं. मी तांब्या भरला, आबा, आणि काही न विचारता बाहेर आले.