लढाईतले मोकळे केस

माय, तू गेलीस तेव्हा मी भंडाऱ्याच्या एका पार्लरमध्ये नवऱ्यामुलींचे केस बांधत होते. आता मुंबईत जुन्या काळच्या मालिकांतल्या राण्यांचे बांधते. बांधते म्हणणंही खरं नाही, बहुतेक वेळा सोडतेच. कित्येक शतकांपूर्वीची राणी, आणि मी तिच्या केसांना गरम चिमट्याने लाटा पाडते, तपकिरी बटा चिकटवते. कपडेपटातली बाई तिला पाठीवर चेन असलेली चोळी घालते. मग मोठा पंखा लावतात आणि समोर सैन्य कापलं जात असताना राणीचे केस उडत राहतात. मेकअपवाल्यांना एकच ताकीद असते : रक्त केसांत जाऊ द्यायचं नाही, विग खराब होतो. ओठाच्या कोपऱ्यात एक थेंब, कपाळावर बारीक रेघ, झाली लढाई.

केसांत रक्त गेलं की काय होतं ते मी आंधळगावच्या आपल्या घरात पाहिलंय. आधी ते गरम असतं, मग चिकट होतं, आणि सकाळपर्यंत त्याची खपली धरते. फणी लावली की खपलीबरोबर केस उपटून येतात. शाळेत जायच्या आधी मी कोमट पाण्याचा गुंडा घेऊन तुझ्या मागे बसायची आणि एकेक बट भिजवून सोडवायची. तुझ्या उजव्या कानामागे केस उगवायचेच थांबले होते. बाबा चिखल्याच्या खाणीवरून मँगनीजचा ट्रक चालवायचे, सुट्टीला घरी यायचे, आणि त्यांचा हात पहिला तुझ्या वेणीवर जायचा. बैलाचा कासरा गुंडाळावा तसा वेणीचा पीळ मनगटाला द्यायचे आणि मग सावकाश मारायचे. एकदा धरल्यावर त्यांना घाई नसायची.

भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतर एखाद्या वर्षाने आपल्याकडे रंगीत टीव्ही आला. रविवारी सकाळी एका राणीची मालिका लागायची. तू हातमागावर कोसा रेशीम विणता विणता दारातून बघायचीस, शेजारची काकी उंबऱ्यावर टेकायची, बाबा खाटेवर. त्या दिवशी राणी मोकळे केस सोडून घोड्यावरून किल्ल्याबाहेर पडली. तू आडव्या धाग्याचा लाकडी धोटा फेकायची थांबलीस.

"हे बाई मरते आता," तू म्हणालीस. "केस मोकळे टाकून कोणी लढाईले जाते काय? कोणी मागून धरले त मान मोडन ना तिची."

काकी हसली. "तुले बरं मालूम!"

काकीच्या मनात काही नव्हतं. पण ते हसणं बाबांना लागलं. ते उठले, दार लोटलं, काकी बाहेर राहिली. तुझी वेणी धरून त्यांनी तुला मागावरून खाली ओढलं. "लढाई शिकवून राहिली काय मले?" एवढंच विचारत होते, प्रत्येक लाथेबरोबर. टीव्ही चालूच होता. तुझं डोकं जमिनीला घासत असताना पडद्यावरची राणी एका हाताने केस मागे सारून तलवार फिरवत होती, आणि मी, मला आता लाज वाटत नाही सांगायला, तिच्याकडेच बघत होते. तिच्याकडे बघणं सोपं होतं.

पुढच्या वेळी बाबा यायचे होते त्या सकाळी तू न्हालीस. ओल्या केसांवर तेल ओतलंस, निथळेपर्यंत. वेणी घातली नाहीस. केस पिळून डोक्यावर मुठीएवढा घट्ट अंबाडा बांधलास, त्यावर मागाचं सूत फिरवलंस, लुगड्याचा काष्टा ओढून खोचलास. मी विचारलं, "माय, कुठी जाऊन राहिली?" तू म्हणालीस, "कुठीच नाई."

दुपार आहे. बाबा जेवायला बसलेत, तू मागावर. "भात थंडा काहून हाय?" ते विचारतात. तू धोटा फेकत राहतेस. ते उष्ट्या हाताने उठतात, तुझ्या मागे येतात, हात घालतात, आणि हात सटकतो. पुन्हा घालतात, पुन्हा सटकतो. त्यांच्या तोंडावर राग नाही, नवल आहे, ओळखीचं दार उघडत नसल्यासारखं. तेवढ्यात तू वळतेस. हातात धोटा, दोन्ही टोकांना लोखंड असलेला. पहिला फटका भुवईवर बसतो आणि गालापर्यंत कातडी उलटते. ते तुझ्या तोंडावर बुक्की मारतात, तुझे पुढचे दात तुटतात, तू ते थुंकतेस आणि पुन्हा मारतेस. ते मागाच्या खड्ड्यात पडतात, पाय चालवायच्या फळ्यांवर, आणि तू वरून वाकून मारतच राहतेस. ताणलेल्या कोशावर रक्ताचे शिंतोडे उडतात.

"उठ," तू म्हणतेस. "उठून दाखव." त्यांना 'तू' म्हणताना मी तुला पहिल्यांदा ऐकते.

काकी धावत येते, मागून तुझी कंबर धरते. "सोड बाई! मरन तो!"

"मरू दे."

"तुई पोरगी पाहून राहिली ना!"

मग तू माझ्याकडे बघितलंस. थांबलीस, पण धोटा खाली ठेवला नाहीस.

तुमसरच्या दवाखान्यात त्यांचा एक डोळा गेला. पोलिसांना त्यांनी सांगितलं, ट्रकवरून पडलो. बायकोने मारलं हे त्यांच्या तोंडून निघणार नव्हतं. पुढे ते चिखल्यालाच भावाकडे राहिले, आपल्याकडे कधी आले नाहीत. हळदीकुंकवाला तुला बोलावणं बंद झालं, फक्त काकी यायची. रक्त लागलेलं कापड तू विणून पुढे सारलंस, कापलंस आणि चुलीत घातलंस. कोसा जळाला की केस जळाल्यासारखा वास येतो. तो वास घरात असताना तू मला जवळ बसवून शांतपणे भाकर खाल्लीस, तुटक्या दातांनी, एका बाजूने चावत. त्यानंतर कितीतरी दिवस तू अंबाडा सोडला नाहीस, निजतानाही.

गेल्या महिन्यातली गोष्ट. नवी मालिका, किल्ल्याला वेढा पडलाय, राणी स्वतः लढते. मी दिग्दर्शकाला म्हटलं, केस बांधू या, त्या काळच्या मूर्तींमध्ये बघा, चित्रांमध्ये बघा, अंबाडे आहेत. तो भला मुलगा आहे, ओरडला नाही. "ताई, बरोबर असेल," म्हणाला, "पण बांधलेल्या केसांत ती कामवाली दिसेल. लोकांना राणी हवी." मी बटा चिकटवल्या. तालमीत शत्रूचं काम करणाऱ्या उंच मारामारीवाल्याने मागून राणीचे केस ओढण्याचा नुसता अभिनय करायचा होता. त्याच्या मुठीत खऱ्या केसांचा झुबका आला, नकली बटेची क्लिप कातडीसकट उपटली. राणी झालेली मुलगी गुडघ्यांवर कोसळली. ती जेमतेम बाविशीची असेल. मी कापूस दाबून धरला, रक्त माझ्या कोपरापर्यंत ओघळलं. उजव्या कानामागेच, माय. तीच जागा.

टाके घालून दोन दिवसांनी ती परत आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "केस बांधले तरच उभी राहीन." कुणी वाद घातला नाही. मी तिला पुढ्यात बसवलं. तेल घातलं, जखम सांभाळून पीळ दिला, सूत गुंडाळलं. आरशात बघून तिने विचारलं, हे कुठे शिकलात? मी म्हटलं, आईकडून.

शॉट एकदम चांगला झाला. त्याच मारामारीवाल्याने मागून झडप घातली, हाती काही लागलं नाही, ती वळली आणि ढालीची कड त्याच्या जबड्यावर बसली. तो पायऱ्यांवरून गडगडत खाली गेला. पंखा बंद होता. दिग्दर्शक खूश होऊन टाळ्या वाजवायला लागला.

तुला अक्षरं येत नव्हती, आणि हे वाचून दाखवायला आता काकीही नाही, म्हणून खरं ते लिहिते. मी पुढे होऊन म्हटलं, अंबाडा जरा सैल दिसला, पुन्हा एकदा घ्या. अंबाडा सैल नव्हता. मला त्याला पुन्हा पडताना बघायचं होतं.