पियानो पुन्हा बिघडवून मिळण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
स्वरांगण सभागृह कार्यालय,
प्रताप नगर, नागपूर

विषय : सभागृहातील पियानोची झालेली दुरुस्ती तातडीने रद्द करणेबाबत.
संदर्भ : पियानोत भंगार टाकल्याबद्दल मला आलेली आपली नोटीस.

महोदय,

१. आपण ज्याला भंगार म्हणता, ते मी तारांमध्ये मुद्दाम अडकवले होते. विसाव्या शतकात पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात ही रीतच निघाली. तारांत स्क्रू, रबर, लाकूड खोचायचे आणि पियानोचा गोडवा मोडून खडखडाट काढायचा. यास 'प्रिपेअर्ड पियानो' म्हणतात. माझ्या कार्यक्रमासाठी आपण तशी परवानगीही दिली होती, बहुधा न वाचता.

२. त्या वस्तू माझे वडील देवराव यांच्या मोडीत निघालेल्या हातमागाच्या होत्या. फणीच्या काड्या, सुताच्या कांड्या, खिळे. याच मागावर मीही आडवे सूत नेणारा धोटा फेकत असे. एकच छोटा तुकडा किंचित बदलत पुन्हापुन्हा वाजवायचा, अशी त्याच शतकातील 'मिनिमलिझम' ही आणखी एक शैली. दोन्ही जुळवल्यावर पियानोतून आमचा माग चालू लागला.

३. बाबांना विस्मरणाचा आजार आहे. गेले वर्षभर ते मला ओळखत नाहीत. घरी एकटे ठेवता येत नाही, म्हणून हुडकेश्वरहून ऑटोने त्यांना सरावाला आणले. मी वाजवू लागले आणि ते मागून ओरडले, "गुंजन, धोटा हळू फेक वं, सूत तुटून राहिलं!" त्यानंतर रोज, वाजवणे चालू असेपर्यंत, मला वडील मिळत होते.

४. आपले कर्मचारी बबनराव यांनी मोठ्या मायेने सगळे उपसले, तारा पुसल्या, सूर लावून घेतले. "म्याडम, कोनीतरी कचरा कोंबला होता, साफ करून देल्ला," असे ते आनंदाने म्हणाले. त्यांच्यावर कृपया कारवाई करू नये.

५. वस्तू आपल्या भांडारात जमा आहेत. भंगाराचा लिलाव होईपर्यंत थांबा, असे कार्यालय सांगते. बाबांना थांबा म्हणून कसे सांगू? दुसऱ्यांचे माग ऐकवले, ते वळूनही पाहत नाहीत. मी फार घाबरले आहे, महोदय.

काल त्याच पियानोवर तोच तुकडा वाजवला. प्रत्येक सूर लख्ख. बाबा शेवटपर्यंत नीट बसले, मग उठून मला हात जोडून म्हणाले, "लय छान वाजवता बाई तुमी. कोनाच्या घरच्या?"

कार्यक्रम रद्द करा, दंड लावा, सर्व कबूल. फक्त वस्तू परत द्या आणि पियानो बिघडवू द्या. बाबांना उत्तर द्यायला माझ्याकडे दुसरे काही नाही.

आपल्या दाराशी बसलेली,
गुंजन देवराव निनावे
हुडकेश्वर, नागपूर
दि. १२ ऑगस्ट २०२५

सोबत : वडिलांचे वैद्यकीय प्रमाणपत्र