आठ आठवड्यांची सिकाई

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५, सकाळी अकरा चाळीस

वेळ मुद्दाम लिहिते. ह्याच वेळी डॉक्टरांनी मला खोलीबाहेर काढलं. "आंटीजी, आप जरा बाहर बैठिए, अंकलजी को संकोच होगा." संकोच! त्रेचाळीस वर्षं ह्या माणसाचे लेंगे धुते आहे मी!

तेवढ्यात निर्णय झालासुद्धा. प्रोस्टेटच्या कॅन्सरला रेडिएशन — इथे सगळे सिकाई म्हणतात, जसे काही पापड भाजायचेत! रोज जरा जास्त मात्रा घेतली तर वीस बैठका, चार आठवडे. नेहमीच्या मात्रेने एकोणचाळीस, आठ आठवडे. ह्यांच्या बाबतीत गुण सारखाच येईल म्हणे. आणि ह्यांनी आठ निवडले! चौऱ्याहत्तराव्या वर्षी रोज पाणी पिऊन, लघवी दाबून बसायचं.

"काहून?" मी विचारलं.

"चालते," म्हणाले. बस्.

बुधवार, ५

अंकुर बेंगळुरूहून आलाय. बापाची सिकाई संपेपर्यंत इथूनच काम करणार. ओला टॉवेल पलंगावर, कॉफीचे मग जिन्यात. "आई, चिल्ला क्यों रही हो, उचलतो ना!" ओरडायला कुणी असलं की घसा बरा राहतो. एरवी ह्या घरात टीव्हीच तेवढा बोलतो.

संध्याकाळी हे फाटकाशी दूधवाल्याला सांगत होते, "भैया, जनवरी तक दो लीटर." एरवी आम्हा दोघांना एकच पुरतं.

गुरुवार, ६

मी डॉक्टरांकडे अर्ज घेऊन गेले. वीसच बैठका हव्यात, लेखी! डॉक्टर म्हणाले, आखणी सोमवारी, सिकाई सतरापासून; आखणीपर्यंत बदलता येईल. अंकलजींची सही आणा. ह्यांनी माझ्याकडे न बघता केली. मी जिंकले!

गाडीत अंकुर म्हणाला, "बढिया! मग मी तेरा डिसेंबरला निघतो. परवा, शनिवारी तिकीट काढतो."

घर येईपर्यंत हे खिडकीबाहेर बघत होते.

घरी आल्यावर फाटकाशी ह्यांचा आवाज आला. "भैया, अब बारह दिसंबर तक ही."

माझ्या हातातली कणीक तशीच राहिली.

शुक्रवार, ७

डॉक्टरांना दिलेल्या पत्राची नक्कल:

"कालचा अर्ज मी मागे घेते. आम्हाला एकोणचाळीसच बैठका हव्यात. कारण विचारू नये. ह्यांची सही सोबत आहे. ह्या वेळी विचारून घेतली — माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी पेन उघडलं. उद्या, शनिवारी, सकाळी दहाच्या आत लेखी उत्तर द्यावं. दहानंतर मुलगा तिकीट काढतो."