चार ओळींच्या वर काहीही न लिहिण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
विद्यार्थी शिस्त समिती,
शास्त्र महाविद्यालय.

विषय : ब्लॉगवरील वडिलांच्या निधनाची नोंद आहे तशीच राहू देण्याबाबत व परीक्षेचे प्रवेशपत्र मिळण्याबाबत.

संदर्भ : १) समितीची दि. ३, ८ व १३ एप्रिलची तीन पत्रे.
२) दि. १५ रोजी आपल्या दालनात समक्ष झालेले बोलणे.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही संख्याशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी असून तिची परीक्षा येत्या सोमवारी सुरू होत आहे. तिचे प्रवेशपत्र समितीच्या कपाटात आहे. ते तिथे का आहे हे समितीला ठाऊक आहेच. पण समितीच्या कागदांत ही हकिगत तुकड्यातुकड्यांनी गेली आहे, म्हणून ती एकदा सलग सांगणे अर्जदारास गरजेचे वाटते. अर्ज लांबला तर तो दोष अर्जदाराचा समजावा, तिच्या घरच्यांचा नव्हे.

१. अर्जदाराचे वडील चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासण्याचे काम करीत. एकतीस वर्षे केले. शाळा सातवीत सुटली, पण शिकण्याची हौस काही सुटली नाही. रोज संध्याकाळी ते अर्जदारास विचारीत की आज कॉलेजात काय शिकवले, आणि अर्जदार सांगू लागली की पाचव्या मिनिटाला त्यांचा डोळा लागे. दिवसभर दिव्यासमोर डोळे ताणलेला माणूस, त्याचा तरी काय दोष. म्हणून अर्जदाराने ते लिहून ठेवायला सुरुवात केली, की अब्बांनी सकाळी ताज्या डोळ्यांनी फोनवर मोठ्या अक्षरांत वाचावे. अर्जदाराचा ब्लॉग म्हणतात तो एवढाच. एका डोळ्याला उणे सहा आणि दुसऱ्याला अधिक सहा नंबर असेल तर सरासरी शून्य येते, पण म्हणून त्या माणसाला चष्मा नको असे होत नाही, ही नोंद त्यांना इतकी आवडली की पुढचे सहा महिने त्यांनी ती प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवली. दुकानाचे मालक हात जोडत, पण ते ऐकत नसत. प्रत्येक नोंदीखाली ते एकच शब्द लिहीत : "वाचले."

२. दुसऱ्या वर्षात असताना एका दूरच्या शहरात माणसे मारली गेली. अर्जदाराने त्या दिवशी मध्यक कसा काढावा हे लिहिले होते. त्याखाली एका अनोळखी वाचकाने विचारले की जगात काय चालले आहे आणि तुम्ही मध्यक काढत बसलात, की तुमच्या लोकांनी केले म्हणून गप्प? अर्जदाराची थोरली बहीण रुग्णालयात परिचारिका आहे. छातीवरच्या पट्टीवर नाव असते, त्यामुळे असे प्रश्न तिला सलाईन लावता लावताही ऐकावे लागतात. ती म्हणाली, "आधी दोन ओळी निषेधाच्या लिही आणि मग तुझं गणित सांग. आपलं काय जातंय?" अर्जदारासही ते पटले. तिने दोन ओळी तयार करून ठेवल्या : "आज ______ येथे घडलेल्या घटनेचा मी तीव्र निषेध करते. निष्पापांच्या दुःखात मी सहभागी आहे." काही झाले की गावाचे नाव भरायचे, वर चिकटवायचे आणि खाली अभ्यास.

येथे अर्जदार प्रामाणिकपणे कबूल करते की पहिल्या वेळी त्या ओळी लिहिताना तिला खरेच रडू आले होते. बाराव्या वेळी तिने फक्त गावाचे नाव बदलले. एकदा तर घाईघाईत तिने एका भूकंपाचाही तीव्र निषेध केला. वर्गात आठवडाभर हसे झाले. भूकंपाने माफी मागितली का, असे येता-जाता विचारले गेले. त्या दिवशी अब्बांनी एक वाक्य जास्तीचे लिहिले होते : "वाचले. भूकंपाचे बरे केलेस, फार माजला होता." एकूण साठ नोंदींपैकी तेवीस नोंदींवर त्या दोन ओळी आहेत. कोणी मागितल्या नव्हत्या. अर्जदाराने आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, हे तिला फार उशिरा कळले. ज्याला रोज सलाम घालावा, तो सलाम चुकला की भांडायला येतो.

३. दि. २ एप्रिल, मंगळवार. सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी अर्जदाराचे वडील दुकानातल्या मागच्या खोलीत, हातात काच असताना, खुर्चीवरच गेले. मालकांनी यंत्र बंद केले आणि बहिणीला फोन केला. दुपारी दोन वाजता पुरुषमंडळी जनाजा घेऊन निघाली. अर्जदाराच्या घरात बायका कबरस्तानात जात नाहीत, त्यामुळे तिने अब्बांना माती दिली नाही. घर एकदम रिकामे झाले. अम्मीभोवती शेजारणी होत्या. अर्जदाराला कुठे उभे राहावे ते कळेना, म्हणून ती स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहिली आणि दोन वाजून दहा मिनिटांनी तिने फोनवर चार ओळी लिहिल्या :

"अब्बा आज सकाळी गेले.
काच घासता घासता गेले, दिवा तसाच चालू होता.
त्यांनी केलेले चष्मे ज्यांच्या नाकावर आहेत त्यांनी आज एकदा त्यांची आठवण काढावी.
मला आज काही लिहिता येत नाही."

बाप गेल्यावर लेकीला जे करता येते त्यातले तिच्या हाती एवढेच आले.

४. त्याच दिवशी अकरा वाजता परदेशातल्या एका बाजारात स्फोट झाला होता. अर्जदाराच्या घरात त्या दिवशी कोणी बातम्या लावल्या नव्हत्या. संध्याकाळपर्यंत त्या चार ओळींखाली बावन्न जणांनी विचारले होते की आजचा निषेध कुठे आहे. "वाचले" असे लिहिणारा राहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी वर्गप्रतिनिधीने तक्रार दिली, की नेहमी निषेध करणारी विद्यार्थिनी याच वेळी गप्प आहे, त्या अर्थी काहीतरी असले पाहिजे. वर्गप्रतिनिधीच्या हिशेबाला आमच्या विषयात नाव आहे, पण ते येथे लिहीत नाही.

समितीचे पहिले पत्र नियमाप्रमाणे पालकांच्या नावे आले. म्हणजे अर्जदाराच्या वडिलांना कळविण्यात आले, की आपल्या निधनाबद्दल आपल्या मुलीने लिहिलेल्या मजकुराचा खुलासा आपण सात दिवसांत समक्ष हजर राहून करावा. पोस्टमनने ते अम्मीच्या हातात दिले. अम्मी इद्दतीत आहे, चार महिने दहा दिवस घराबाहेर पडणार नाही, म्हणून अर्जदाराने मयतीचा दाखला जोडून लेखी खुलासा दिला.

दुसऱ्या पत्रात विचारण्यात आले की निधन स्फोटाच्या आधी झाले की नंतर, कारण दाखल्यावर वेळ नाही. अर्जदार नोंदणी कार्यालयात गेली. तिथल्या कारकुनाने रजिस्टर उलटून दाखवले आणि म्हटले, "बाई, आमच्याकडे माणूस गेला की गेला. किती वाजता गेला ते घरच्यांनी लक्षात ठेवायचं." मग दुकानाच्या मालकांनी आपल्या लेटरपॅडवर आठ पाचची वेळ लिहून दिली. त्यांचे अक्षर नीट नाही, त्याबद्दल क्षमस्व. त्यावर समितीने काढलेला निष्कर्ष असा, की निधन आधीचे असल्याने ते आणि नोंद यांच्यामध्ये सहा तास पाच मिनिटे अर्जदार मोकळी होती व तेवढ्यात तिला बातमी कळू शकत होती. महोदय, त्या सहा तासांत अर्जदाराने काय केले याची यादी समितीला हवी असल्यास ती देईल. अब्बांच्या बोटांच्या चिरांत काचेची भुकटी बसलेली होती. मामांनी गुस्ल, म्हणजे अखेरची आंघोळ, देताना ती निघाली का, हे त्यांना विचारायचे तिला तेव्हा सुचले नाही. त्या सहा तासांतले एवढेच तिला राहून गेल्यासारखे वाटते.

५. तिसरे पत्र सवलतीचे आहे. त्या चार ओळींच्या वर निषेधाच्या दोन ओळी घालाव्यात, की प्रकरण मिटले. आपणही समक्ष बोलताना अर्जदारास बसायला सांगून, पाणी देऊन हेच सांगितले : "दोन ओळींचा तर प्रश्न आहे, पोरी. वर्ष वाया घालवू नकोस." आपल्या बोलण्यात आकस नव्हता हे अर्जदार जाणते. मामांनीही तेच सांगितले. बहिणीने तर तिथल्या तिथे फोन हातात दिला. परीक्षा बुडाली तर अर्जदाराची नोकरीची आशाही बुडते, आणि घरात आता बहिणीखेरीज कमावते कोणी नाही. तेव्हा अर्जदाराने काल सकाळी जुन्या ओळी काढल्या, त्या बाजाराचे नाव भरले आणि त्या अब्बांच्या वर चिकटवल्या. जतन करण्याआधी अम्मीला वाचून दाखवाव्यात म्हणून तिच्याजवळ बसली.

अम्मीने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "परत वाच." अर्जदाराने परत वाचले. अम्मी म्हणाली, "तुझे अब्बा गेले ते काही चुकीचं वागले, आणि आपण त्याची माफी मागतोय, असं वाटतंय. त्या बाजारात गेलेल्यांसाठी मी रोज दुआ मागते. ती वेगळी मागते. काढ ते वरचं."

अर्जदाराने ते काढले. आतापर्यंत तिने या अर्जात जे काही मुद्दे मांडले त्यांत तिची हुशारी असेल नसेल. पण हा मुद्दा अम्मीचा आहे आणि अर्जदाराकडे त्याला उत्तर नाही. समितीकडे असल्यास कळवावे.

६. सबब, अर्जदाराची नम्र विनंती अशी :

त्या बाजारात गेलेल्यांविषयी अर्जदाराने त्याच आठवड्यात शनिवारी, दि. ६ रोजी, स्वतंत्र नोंद लिहिली आहे. त्यात तयार ओळी नाहीत. एक माणूस लेकीसाठी दप्तर घ्यायला गेला होता असे वर्तमानपत्रात आले होते, त्याच्याविषयी आहे. ती लिहिताना अर्जदारास पहिल्या वेळेसारखे रडू आले, आणि कोणासाठी किती आले हे तिला सांगता येणार नाही. ती नोंद उशिराची व वेगळी असल्याने ग्राह्य धरता येत नाही, असे समितीचे म्हणणे आहे. ती ग्राह्य धरावी.

तेवढ्याने भागत नसेल, तर सोबत निषेधाचे दहा कागद जोडले आहेत. गाव आणि तारीख कोरी ठेवून खाली सही केली आहे. अर्जदार महाविद्यालयात असेपर्यंत जगात कुठेही, कोणीही काही केले, तर समितीने ते भरून सूचनाफलकावर लावावेत. अर्जदाराला विचारण्याची गरज नाही. संपले तर ती आणखी करून देईल. हे ती रागाने लिहीत नाही. राग यायला अंगात जोर लागतो, आणि या महिन्यात तो उरलेला नाही.

फक्त त्या चार ओळी सोडून द्याव्यात. तेवीस वेळा अर्जदाराने अब्बांना वर त्या दोन ओळी घालून वाचायला दिले, त्यांनी ते कधी टाळून वाचले नाही. या खेपेला ते एकटे असू द्यावेत.

हे शक्य नसल्यास प्रवेशपत्र कपाटातच राहू द्यावे. अर्जदार सोमवारी सकाळी पेपर सुरू होईपर्यंत, म्हणजे साडेदहापर्यंत, परीक्षागृहाच्या पायरीवर थांबेल व नंतर घरी जाईल.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारी, नम्र
(सही)
हजेरी क्रमांक ४१, तृतीय वर्ष, संख्याशास्त्र
दिनांक : १९ एप्रिल

सोबत :
१. मयतीच्या दाखल्याची प्रत.
२. दुकानाच्या मालकांचे पत्र.
३. शनिवारच्या नोंदीची प्रत.
४. सही केलेले निषेधाचे कागद, दहा.
५. चार ओळींच्या नोंदीची प्रत. आवक शिक्का कृपया मागच्या बाजूला मारावा.