सरावाचा पेशंट

३ जून
अखेर नोकरी लागली, आणि तीही लोळायची. नर्सिंग शिकवणाऱ्या कॉलेजात सरावासाठी एक खोटा वॉर्ड आहे. तिथे मी पोटदुखीचा पेशंट. विद्यार्थिनींनी पोट दाबलं की विव्हळायचं, बस. चिकटवून दिलं हवालदाराने. आमच्या हौशी नाटकांत त्याला कायम हवालदाराचंच काम, म्हणून हे नाव. एरवी बिचारा चपलांच्या दुकानात लोकांच्या पायांची मापं घेतो. इथे त्याला डॉक्टरचा कोट मिळालाय. सिस्टरही आमच्यासारखीच, रोजंदारीवरची. चहाच्या वेळी तिघं पोट धरून हसलो. नियम एवढेच: आपले कपडे कुलपात, अंगात गाऊन, रविवारी घरी, आणि वॉर्डात कुणी भूमिका सोडायची नाही. ताईच्या मते हे माझं नवं खूळ आहे.

५ जून
शेजारच्या खाटेवर दमावाले काका. माणूस धडधाकट, पण विद्यार्थिनी गेल्या तरी धापा टाकत राहतात. म्हटलं, काका, आता पुरे करा. त्यांनी नुसता हात हलवला. मुरलेला कलाकार म्हणून मी मनातल्या मनात दाद दिली.
हवालदार राऊंडला आला तो मला अहो-जाहो करत. मी डोळा मारला, तर त्याने त्याच डोळ्यात बॅटरी मारून पाहिलं.

८ जून
रविवार. घरी निघालो तर सिस्टर म्हणाली, डॉक्टरांना विचारावं लागेल. हसू आलं, पण विचारलं. हवालदार म्हणाला, बघू. आणि माझ्या तोंडून चक्क ‘बरं डॉक्टर’ निघालं. ऐकून माझं मलाच कसंतरी झालं.
आणखी एक. मी संडासलाही सिस्टरला विचारून जातो. असा नियम कुणीच केलेला नाही.

१२ जून
विद्यार्थिनींना सुट्टी लागली. आता बघायला कुणीच नाही, तरी राऊंड चालूच. हवालदाराला गाठून चपलांचं दुकान, आमची नाटकं, सगळ्याची आठवण करून दिली. तो चिडला नाही. खांद्यावर थोपटून म्हणाला, दुकान होतं खरं, पण आता पेशंट टाकून जाऊ कुठे? मग सिस्टरला म्हणाला, यांना भ्रम होतोय, लक्ष ठेवा. सिस्टरने मान हलवली. मला भीती वाटतेय.

१५ जून
ताई आली. मी तिचा हात धरून, रडून सगळं सांगितलं. लहानपणापासून माझ्यासाठी जगाशी भांडलेली बाई. आल्या आल्या दारातच, याला घरी का सोडत नाही म्हणून तिने आवाज चढवला, तेव्हा जिवात जीव आला. मग सिस्टरने तिला स्टूल दिलं आणि भेटीची वेळ किती ते सांगितलं. ताई बसली. पिशवी मांडीवर घेतली. आवाज खाली आला. निघताना म्हणाली, डॉक्टर सांगतात तसं कर, उगाच त्यांना त्रास देऊ नकोस.
तिला जाताना बघत राहिलो. हाक मारली नाही. वॉर्डात मोठ्याने बोलायचं नसतं.

१७ जून
दुपारी काकांना ट्रॉलीवर घालून नेलं. परत आणलं नाही. सिस्टरने खाट पुसली, चादर बदलली. मी काही विचारलं नाही — पेशंटने विचारायचं नसतं —

१८ जून
पोट दुखतंय. खरंच दुखतंय की —
डॉक्टर सांगून गेले, उद्या ऑपरेशन. हवालदार. हवालदार सांगून गेला. उघडल्याशिवाय कळणार नाही म्हणाला. चेहरा इतका मायेचा —
कागद पुढे केला. मी सही केली. का केली —

१९ जून
सकाळपासून उपाशी. ट्रॉली आणून ठेवलीय. सिस्टर हातमोजे आणायला गेल्यात. दार उघडं. कुणी नाही. समोर रस्ता, ऊन, माणसं आपापल्या कामाला चाललेली. पायांत बळ आहे.
ऊठ. ऊठ ना मेल्या —
उठलो. ट्रॉलीवर जाऊन झोपलो. आपणहून. उशीसुद्धा सरळ करून घेतली —
अजून वेळ आहे. दार उघडंच आहे. सिस्टर आल्या की विचारतो, मी पळून गेलो तर चाल